आवाज: आहे / नाही

"गाडीत कसलासा आवाज येतोय," असं म्हणत कुणी गॅरेजच्या दारात उभं राहिलं, की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "काढून दाखवा."

मग भलेभले लाजायचे. सूटबूट घातलेला माणूस इकडेतिकडे बघायचा, घसा खाकरायचा आणि तोंडाचा चंबू करून हळूच "कुंईईई" करायचा. आत्या हसायची नाही. "कुंई लांबतं की मध्येच तुटतं? वळताना येतं की सरळ जाताना? परत काढा बघू." दुसऱ्या खेपेला माणूस खुलायचा, तिसऱ्या खेपेला हातवारे सुरू व्हायचे, आणि मग आत्या पिवळ्या कार्डावर 'आवाज' ह्या ओळीपुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहायची. खडखड. किंवा खुडखुड. किंवा खरखर. आता तुम्ही म्हणाल, तिन्ही सारखेच की! अहो, सारखे कसे? खडखड म्हणजे काहीतरी सुटलंय. खुडखुड म्हणजे सैल झालंय, पण अजून जागेवर आहे. आणि खरखर म्हणजे दोन वस्तू एकमेकींना घासतायत. मिस्त्री कार्ड वाचायचा आणि नेमका त्या जागी हात घालायचा. मिस्त्री दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप, त्यामुळे त्याला ही पद्धत फार सोयीची होती. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गॅरेज आत्याच्या थोरल्या भावाचं. सगळे त्याला दादा म्हणायचे आणि त्याच्याकडे साध्यासुध्या गाड्या येत नसत. सुसाट पळणाऱ्या, जमिनीला टेकलेल्या, मालकाने पोटच्या पोरासारख्या पुसलेल्या गाड्या यायच्या. दादाचा हात इंजिनात सोन्याचा होता, पण निर्णय घ्यायची वेळ आली की तो एकच शब्द बोलायचा. "बघू." भिंतीला कुठला रंग द्यायचा? बघू. दाराची कडी कधी बसवायची? बघू. ती कडी नऊ वर्षांपासून बघण्यात होती. दार अजून वीट टेकवून बंद व्हायचं.

आत्याची खुर्ची त्या दाराशेजारी, खिडकीखाली. खुर्चीवर जुन्या सीट कव्हरच्या तुकड्यांची उशी, टेबलावर पेन्सिल, पलीकडे कार्डांची लाकडी पेटी. येणाऱ्याला आधी आत्या दिसायची, मग गॅरेज.

तर अशा ह्या सुरळीत कारभारात दादाची मुलगी शिकून परत आली. लहानपणी सगळे तिला छकुली म्हणायचे. आता ती इंजिनिअर झाली होती आणि छकुली म्हटलं की डोळे वटारायची, म्हणून आत्या मुद्दाम तसंच म्हणायची. पोरगी हुशार, मनाची चांगली, कामाला वाघ. येताना तिने एक मशीन आणलं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथे त्याची वायर खुपसायची, की गाडी आपली सगळी दुखणी भडाभडा सांगून टाकते. मशीनबरोबर एक टॅबलेट होता आणि टॅबलेटात एक फॉर्म.

"बघ आत्या, किती सुटसुटीत," छकुली म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की स्वतःच भरेल. नाव, नंबर, तक्रार. कुणी बसायलाच नको इथे."

आत्याने चष्मा वर सरकवून फॉर्म वाचला. आवाजासाठी त्यात एकच ओळ होती. 'आवाज: आहे / नाही.'

"अगं, पण कसला?"

"कसलाही असू दे की. पुढचं मशीन शोधेल."

"कसलाही?" आत्याने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे कुरकुरही तीच आणि करकरही तीच?"

"आत्या, तू एकतीस वर्षं राबलीस. आता आराम कर. घरी बस, झाडं लाव, दुपारची झोप काढ."

छकुलीने हे अगदी प्रेमाने म्हटलं होतं. म्हणूनच ते आत्याला जास्त लागलं. भांडून कुणी उठवलं असतं तर तिने सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पण प्रेमाने उठवणाऱ्याशी भांडायचं कसं? घरी बसून ऐकायचं काय, तर फ्रिजची घरघर. ती दादाकडे गेली. दादा गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर.

"दादा, सोमवारपासून तिथे टॅबलेट ठेवतायत म्हणे. माझं काय?"

गाडीखालून आधी पान्याची खटखट आली. मग आलं. "बघू."

पण ह्या वेळी आत्या हलली नाही. ती त्या पायांपाशीच उभी राहिली, आणि दुसऱ्या बाजूने छकुलीही येऊन उभी राहिली. दोघींच्या चपला बघून दादाला गाडीखालून निघवेना. शेवटी त्याने तिथूनच मार्ग काढला. शनिवारी तीन गाड्या येणारच आहेत आणि तिन्हींची तक्रार आवाजाचीच आहे. एकीकडे मशीन, एकीकडे कार्ड. जी जास्त आवाज बरोबर ओळखेल तिचं टेबल.

"आणि बरोबरी झाली तर?" छकुलीने विचारलं.

"तर बघू," गाडी म्हणाली.

छकुली पुटपुटली, "म्हणजे ठरलंय तसंच, सोमवारी टॅबलेट." आत्याने ते ऐकलं. तिला सगळंच ऐकू यायचं.

आता ह्या तीन गाड्यांचं सांगायला हवं, कारण त्यांच्या मालकांची भांडणं म्हणजे गॅरेजची शनिवारची करमणूक. पहिले शिंपीकाका. अंगाने सुईसारखे, पण गाडी बघाल तर रेडा! चाळीस वर्षांपूर्वीची, दोन दारांची, आठ सिलिंडरची, जिच्या बॉनेटवर दोन माणसं आडवी झोपली असती. ती सुरू झाली की गॅरेजची तावदानं थरथरायची. दुसरे दातांचे डॉक्टर. त्यांची गाडी काळी, नवीकोरी, आलिशान. सीट पाठ चेपून द्यायची, दार शेवटचं बोटभर अंतर आपलं आपण लागायचं. आणि तिसऱ्या गणिताच्या बाई. चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी पांढरीशुभ्र, बुटकी, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर पळणारी हायब्रिड स्पोर्ट्स कार घेतली. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. बाईंनी कुणाला विचारलंच नव्हतं.

शिंपीकाकांचं म्हणणं, गाडी ती जी पोटात वाजते. डॉक्टरांचं म्हणणं, गाडी ती जी लोण्यासारखी जाते आणि दाबलं की डरकाळी फोडते. बाईंचं म्हणणं, गाडी ती जी आधी पोचते.

शनिवारी सकाळी तिघे आले आणि आल्या आल्या जुंपली. शेवटी छकुली म्हणाली, वाद कशाला, मोजूनच टाकू. गॅरेजच्या मागे गोदामांचा लांबलचक सरळ रस्ता होता, शनिवारी अगदी मोकळा. गोदामाच्या रखवालदाराला सांगून दोन्ही टोकांची फाटकं लावून घेतली. थांबलेल्या गाडीला शंभराचा वेग गाठायला किती सेकंद लागतात, एवढंच बघायचं.

शिंपीकाकांच्या गाडीने आधी धूर काढला, मग आवाज, आणि सगळ्यात शेवटी वेग. साडेसात सेकंद. काका उतरले तेव्हा आनंदाने थरथरत होते. "सेकंदांचं काय घेऊन बसलात, मजा कुणी मोजली?" डॉक्टरांची चार पूर्णांक आठ. त्यांनी काच खाली करून कोपर बाहेर काढलं होतं. मग बाई. ना धूर, ना आवाज. पांढरी गाडी उभी होती, आणि मग ती तिथे नव्हती. तीन पूर्णांक नऊ.

"चालवायला काही लागतच नाही त्याला," डॉक्टर म्हणाले. "मिक्सरसारखी गाडी, बटण दाबलं की झालं. बाकी बाई, ह्या वयात जरा जपून हं. पाय कधी दगा देईल सांगता येत नाही."

"माझा पाय तुमच्यापेक्षा शून्य पूर्णांक नऊ सेकंदांनी पुढे आहे, डॉक्टर," बाई म्हणाल्या. पण त्यांनी उजवा हात पटकन मांडीवरून काढून घेतला. ते फक्त आत्याने पाहिलं, आणि तिलाही त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही.

मग खरं काम सुरू झालं. आत्याच्या हातात तीन कोरी कार्डं. तिने पेन्सिलीला नवं टोक काढलं.

पहिली जुनी गाडी. छकुली मशीनची वायर घेऊन आत शिरली आणि पाच मिनिटांनी डोक्यावर कोळिष्टक घेऊन बाहेर आली. "हिला खाचच नाही!"

"तेव्हा गाड्या चुगल्या करत नसत, पोरी," शिंपीकाका म्हणाले.

आत्याने विचारलं, "काढून दाखवा."

काका तयारच होते. "खुळुखुळुखुळु… टक्! डावीकडे वळलं की."

"आणि उजवीकडे वळलं की?"

"खुळुखुळु, पण टक् नाही. ठक्."

"दार किती जोरात लावता?"

"जुनं दार आहे, जोरातच लावावं लागतं."

आत्याने लिहिलं, खुळखुळ. त्याखाली लिहिलं, उजवं दार, आत. मिस्त्रीने दाराचं आतलं आवरण उचकटलं, हात कोपरापर्यंत घातला आणि पत्र्याच्या तळातून एक वस्तू काढून काकांच्या तळहातावर ठेवली. बोटाला सुई लागू नये म्हणून शिवताना बोटात घालतात ते पितळी अंगुस्तान! खिडकीच्या फटीतून कधी आत पडलं कुणास ठाऊक.

काकांचा चेहरा पडला. "अरे देवा. ह्याच्यावरून मी अकरा वर्षं बायकोला बोलतोय."

एक-शून्य. आत्याला इतकं बरं वाटलं की तिने काकांना घरी जाऊन माफी कशी मागायची तेही फुकटात सांगितलं.

दुसरी काळी गाडी. डॉक्टर म्हणाले, "गाडी दाबली की डरकाळी फाटते. फर्ररफर्रर." आत्या आत बसली, डॉक्टरांनी रस्त्यावर एक फेरी मारली. सीट तिची पाठ चेपत होती आणि चहूबाजूंनी डरकाळी येत होती, भरदार, गोळीबंद, आणि शेवटाला फाटलेली. आत्याने डोळे मिटून ऐकलं. ह्यात काय अवघड? असल्या फाटक्या डरकाळ्या तिने शेकड्यांनी ऐकल्या होत्या. परत येऊन तिने ठसठशीत लिहिलं, फरफर. सायलेन्सरला भोक.

मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली, सायलेन्सर टकटक वाजवून बघितला, बोट फिरवलं, आणि आत्याकडे बघून मान हलवली. नाही. सायलेन्सर ठणठणीत.

छकुलीने वायर लावली. मशीनने टुंग केलं. तिने वाचलं, परत वाचलं आणि ओठ चावला. "डावा मागचा स्पीकर फाटलाय."

"स्पीकरचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले. "मी गाणी लावलीच नव्हती."

"डॉक्टर, तुमचं इंजिन फार शांत आहे. एवढी भारी गाडी, आणि आवाज नाही म्हटल्यावर चालवणाऱ्याला चुकल्यासारखं होतं. म्हणून कंपनी डरकाळी स्पीकरमधून वाजवते. फक्त आतल्यांसाठी. बाहेर ऐकू येत नाही."

शिंपीकाकांनी टाळी वाजवली. "म्हणजे गाडीला कवळी बसवलीय म्हणा की!"

डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांना कवळ्या बसवल्या होत्या. ते जवळच्या टायरवर जाऊन बसले. मिस्त्रीने त्यांना पाणी आणून दिलं.

पण आत्याकडे कुणी बघितलं नाही, ते बरंच झालं. तिचे कान तापले होते. आपण फसलो! खोटी डरकाळी खरी समजलो. एकदा नुसतं बाहेर उभं राहून ऐकलं असतं तरी कळलं असतं, पण सीटने पाठ चेपली आणि बाईसाहेब हुरळल्या. तिने कार्डावर स्वतःच्या हाताने काट मारली आणि शेजारी लिहिलं, माझी चूक. एक-एक.

राहिली पांढरी गाडी. छकुलीने आधी मशीन लावलं. मशीनने बॅटरी तपासली, मोटर तपासली, ब्रेक तपासले, आणि छकुलीने टॅबलेटवर बोट टेकवलं. आवाज: नाही. मग तिने स्वतः गाडी दोन फेऱ्या फिरवून आणली. "बाई, मला तरी काही ऐकू आलं नाही."

"मला येतो," बाई म्हणाल्या. "तीन महिने येतोय."

"काढून दाखवा," आत्या म्हणाली.

बाईंनी जीभ टाळूला लावून काढला. "कुट्."

"एकदाच?"

"एकदाच. पण दर वेळी."

आत्या त्यांच्या शेजारी बसली. बाईंनी गाडी सोडली, पण आत्याला काहीच ऐकू येईना. गोदामं मागे सरत होती आणि इंजिन बोलतच नव्हतं. असल्याच गाड्या येणार आता, तिला वाटलं. सगळ्या मुक्या. मग कसली खडखड आणि कसली खुडखुड? छकुलीचं बरोबर आहे. आपल्या पेटीभर शब्दांचं पुढे लोणचं घालायचं का? तिला रडू आलं असतं, पण बाई शेजारी होत्या आणि आत्या परक्यासमोर रडत नसे.

"कुट्."

आत्या ताठ झाली. पुढे सरळ रस्ता, काही नाही. बाईंनी ब्रेकवर पाय नेला. काही नाही. ब्रेकवरून काढून परत एक्सलरेटरवर ठेवला. कुट्. मोठ्या गाडीच्या धडधडीत हा आवाज जन्मात ऐकू आला नसता. इथे तो टेबलावर पेन्सिल पडावी तसा स्पष्ट येत होता.

"बाई, गाडी बाजूला घ्या. आता बंद करा. पूर्ण बंद."

गाडी बंद झाली. दिवे विझले.

"आता पाय ब्रेकवर ठेवा. आणि उचला."

कुट्.

दोघी समोरच्या काचेतून गोदामाची भिंत बघत राहिल्या. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"गाडी बंद आहे," शेवटी बाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे गुडघा."

"उजवा."

बाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं, गाडी बंद असूनही. "चौतीस वर्षं फळ्यासमोर उभी होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा ठरवलं होतं, निवृत्त झाले की बसायचं आणि जोरात जायचं. तुम्हाला खरं सांगते, मला आधीपासून शंका होती. पण गाडीचाच निघू दे, गाडीचाच निघू दे म्हणत तीन महिने काढले. आता हे त्या दोघांना कळलं ना, तर दर शनिवारी ऐकावं लागेल. बाई, किल्ली ठेवा. बाई, वय झालं. आणि खरंच मला भीती वाटते हो, की मी त्यांचं ऐकेन."

आत्याच्या मांडीवर तिसरं कार्ड होतं. त्यावर 'कुटकुट, चालवणाऱ्याचा गुडघा' एवढं लिहिलं की झालं. दोन-एक. खिडकीखालची खुर्ची आपली. पण कार्ड खिळ्याला टांगलं जायचं, आणि त्या खिळ्याखाली शिंपीकाका आणि डॉक्टर चहा पीत बसलेले असायचे. आणि ह्या पैजेचं बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. ती घरातली गोष्ट होती.

आत्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "माझ्या कार्डावर गाडीचं दुखणं लिहितात, बाई. माणसाचं नाही." आणि तिने लिहिलं, आवाज: नाही. "डॉक्टरकडे मात्र जा. दातांच्या नको. आणि तो विचारेल कसा दुखतो, तेव्हा नुसतं दुखतो म्हणू नका. काढून दाखवा."

बाई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले, दोन्ही एकदमच.

गॅरेजमध्ये छकुलीने कार्ड वाचलं. मग आत्याकडे बघितलं. मग परत कार्ड वाचलं. "आत्या, तू 'नाही' लिहिलंस?"

"नाही म्हणजे नाही."

"आजपर्यंत एकाही कार्डावर तू असं लिहिलेलं नाहीस. गिऱ्हाईक 'आहे' म्हणतं, म्हणजे आहे. मला लहानपणी तूच शिकवलंस."

"म्हातारी झाले गं," आत्या म्हणाली आणि पेटीचं झाकण उगाचच उघडून लावलं.

एक-एक. दोघी दादाकडे बघायला लागल्या. दादाने चिंधीने हात पुसले, मग चिंधी पुसली, आणि म्हणाला, "बघू."

सोमवार आला. आत्या नेहमीच्याच वेळेला आली, पण येताना रिकामी पिशवी घेऊन. तिने पेन्सिल पिशवीत टाकली. उशी टाकली. पेटी पिशवीत मावेना, म्हणून काखोटीला मारली. टेबलावर टॅबलेट उभा होता, अगदी चकचकीत. छकुली दूर उभी राहून नखं खात होती. रविवारभर तिला तो 'नाही' पचला नव्हता, पण आत्या काही बोलायलाच तयार नव्हती. डॉक्टर नवा स्पीकर बसवून घ्यायला आले होते, शिंपीकाका नुसतेच आले होते.

तेवढ्यात पांढरी गाडी आली. आवाज न करता आली, त्यामुळे सगळे दचकले. दार उघडलं आणि आधी एक पाय बाहेर आला. त्या पायाच्या गुडघ्यावर जाडजूड निळा पट्टा होता. पाठोपाठ बाई.

"आत्या, तुमचे आभार मानायला आलेय. शनिवारी संध्याकाळीच जाऊन मी काढून दाखवला! हाडांचे डॉक्टर म्हणाले, बाई, शब्दावरूनच कळलं. कुरकुर असती तर झीज. कुट् आहे, म्हणजे शीर सरकते. दीड महिना व्यायाम, गाडी खुशाल चालवा." मग त्यांना पिशवी दिसली. काखेतली पेटी दिसली. "कुठे निघालात?"

आत्या म्हणाली, "घरी." छकुली म्हणाली, "बाई, एक मिनिट. व्यायाम कशाचा?"

आणि सगळं बाहेर आलं. पैज, एक-एक, टॅबलेट. सांगितलं छकुलीनेच, खाली मान घालून. बाई ऐकत गेल्या आणि त्यांच्या नाकपुड्या फुलत गेल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या वर्गात ज्यांनी कॉपी केली असेल, त्यांना ह्या नाकपुड्या ठाऊक असतील.

"उत्तरपत्रिका चुकीची तपासलीय," त्या म्हणाल्या. आवाज असा, की पलीकडच्या गोदामापर्यंत गेला. "आवाज होता. माझा होता. माझा गुडघा! ह्या आत्यांनी तो शनिवारीच ओळखला, आणि माझी लाज राखायला स्वतःचे गुण सोडून दिले. दोन-एक आहे ते. आणि डॉक्टर, शिंपीकाका, हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी त्या मागच्या रस्त्यावर मला मागे टाकून या."

कुणीच हसलं नाही. डॉक्टर हळूच म्हणाले, "माझी सीट पाठ चेपते ना, ती मी मुद्दाम घेतलीय. मणका सरकलाय." शिंपीकाका म्हणाले, "मला सुईत दोरा ओवता येत नाही, सात वर्षं झाली. नातीकडून ओवून घेतो." मिस्त्रीने खिळ्यावरून शनिवारचं तिसरं कार्ड काढलं, दादाच्या हातात दिलं आणि दिवसाचे अर्धे शब्द एकदम खर्चून टाकले. "दादा, आता बघू म्हणायचं नाही."

दादाने कार्ड बघितलं. बहिणीकडे बघितलं. तिच्या काखेतल्या पेटीकडे बघितलं. कपाळावर घाम आला त्याच्या. ओठ 'ब'वर येऊन थांबले, आणि सगळ्यांना वाटलं, झालं, आता बघू.

"बस," दादा म्हणाला.

आत्याने ऐकलं. बस. म्हणजे पुरे. एकतीस वर्षं पुरे झाली, एवढ्यावर आटपा. आयुष्यात पहिल्यांदा भावाने निर्णय घेतला, आणि तो हा! तिने मान हलवली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे वळली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला दाराची वीट दिसली नाही, ठेच लागली.

"अगं ए, चाललीस कुठे?" दादा ओरडला. त्याने ग्रीसने माखलेल्या हाताने खिडकीखालची खुर्ची ओढली आणि तिच्यापुढे दाणकन आपटली. "बस म्हणतोय ना! खुर्चीवर बस!"

कुठलाही आवाज एका झटक्यात ओळखणारी आत्या, आणि सख्ख्या भावाचा दोन अक्षरांचा शब्द तिला ओळखता आला नाही. ती हसायला लागली आणि हसता हसता धडपणे रडली, सगळ्यांसमोर, परक्यांसमोरसुद्धा. छकुलीने तिच्या पिशवीतून उशी काढली, झटकली, खुर्चीवर ठेवली. मग टॅबलेट पुढ्यात घेऊन बराच वेळ काहीतरी खुडबुड केली आणि आत्याकडे वळवला. फॉर्ममधली ती ओळ बदलली होती. 'आवाज:' आणि पुढे लांबलचक कोरी जागा.

"ही तू भरायचीस," छकुली म्हणाली. "टायपिंग मी शिकवते."

"बघू," आत्या म्हणाली आणि बसली.

खुर्ची करकरली. कुरकुरली नाही, करकरली. आत्याने कान टवकारले, खाली वाकून बघितलं आणि मिस्त्रीला हाक मारली. मागचा डावा पाय, स्क्रू सैल.